मुंबई बंदराचा एक छायाचित्रसंग्रह : साधनचिकित्सा

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या भरभराटीस चीनच्या व्यापाराचा मोठा आधार होता. कापूस व माळव्याची अफू येथून कँटनला जाई. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने कँटन, शांघाय आदी पाच बंदरे इंग्रजी व्यापारास खुली झाली. अशा संपन्न मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन झाले. त्याचे एक आद्य सभासद विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील रहिवासी व आगंतुक यांच्या चित्रांचा संग्रह लंडनहून दोन खंडांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला. पहिला खंड गुजरात, कच्छ व काठेवाड यांविषयी असून दुसरा महाराष्ट्राविषयी आहे.

ही चित्रे प्रत्यक्ष स्थळी टिपलेली भासतात. परंतु यांतील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसांची छायाचित्रे निराळी घेऊन ती अन्यत्र टिपलेल्या पार्श्वभूमीवर बसविलेली आहेत. म्हणून अमुक व्यक्ती अमुक ठिकाणी उभी होती, असा निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाही.

मग हे साधन त्याज्य ठरते काय? तसे नाही. पागोटे, अलंकार, वस्त्रे यांचा पुरावा त्यात आहेच. त्याहून महत्त्वाचे असे की, गजबजलेल्या बंदरातील माणसे जातवार मांडण्याची संग्राहकाची दृष्टी त्यात उघड होते. चित्रातील जोड हा दोष खराच. पण ती दृष्टी ओळखण्याची खूणही तोच होय.