स्वस्त गिटारची जुळवणी
कमी किमतीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बोटांना टोचतात वा सूर ढळतात, तेव्हा दोष बहुधा वाद्याचा नसून अपुऱ्या जुळवणीचा असतो. ही जुळवणी ठरावीक क्रमानेच करावी लागते. प्रथम नव्या तारा चढवून सुरात लावाव्यात. तार पहिल्या व शेवटच्या फ्रेटवर दाबली असता मध्यभागी सुमारे ०.२५ मिलिमीटर फट राहावी. त्यासाठी दांडीतील ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा. जोर केल्यास तो तुटून दांडी निकामी होऊ शकते. पुढे ब्रिजवरील सॅडलच्या साहाय्याने बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. अखेरीस बाराव्या फ्रेटवरील सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर आहे का, ते पाहावे. तो चढा असल्यास सॅडल दांडीपासून दूर, उतरा असल्यास जवळ सरकवावे. दमट हवेत लाकूड फुगत असल्याने पावसाळ्यानंतर ही तपासणी पुन्हा करणे इष्ट ठरते.