छतबांधणीतील अपघात

छतबांधणीतील अपघात : इमारतीचे छत घालताना, बदलताना वा दुरुस्त करताना कामगार उंचीवरून पडणे, तसेच अपुऱ्या आधारामुळे छत अथवा त्याखालील रचना कोसळणे, यांचा या संज्ञेत समावेश होतो. हे दोन प्रकार वेगळे मानले जात असले, तरी ते पुष्कळदा एकाच वेळी घडतात. कारण छतावरील कामगाराच्या पायाखालचा आधार बहुधा तात्पुरता असतो.

पारंपरिक छते : विदर्भात लाकडी वाशांवर कवेलू बसविलेली उतरती छते पूर्वी सर्वत्र आढळत. पावसाळ्यापूर्वी कवेलू उतरवून पुन्हा बसवावी लागतात. या कामात किडलेला वासा मोडून किंवा कवेलू निसटून माणूस खाली पडतो. पुढे प्रचारात आलेला सिमेंटचा पत्रा दिसण्यात भक्कम, परंतु ठिसूळ असल्याने माणसाच्या भाराने एकाएकी फुटतो. त्यावर चालण्यासाठी आधारांवर टेकलेल्या फळ्या टाकणे आवश्यक असते.

काँक्रीटचे छत : सलोह काँक्रीटच्या प्रसारामुळे अपघातांचे स्वरूप बदलले. चुनखडी व दगडी कोळसा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीसारख्या गावांतही सपाट स्लॅब रूढ झाला. १२·५ सेंमी. जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौ. मी.ला सु. ३१० किग्रॅ. भरते. ओल्या काँक्रीटला स्वतःचे बळ नसल्याने हे वजन, तसेच कामगार व साहित्य यांचा भार, पूर्णपणे सेंटरिंगच्या टेकूंवर येतो. टेकू सैल जमिनीवर उभे करणे, त्यांना आडवे व तिरपे बंध न देणे आणि काँक्रीटचा ढीग एकाच जागी ओतणे, ही कोसळण्याची प्रमुख कारणे होत. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार, साधे पोर्टलंड सिमेंट वापरलेले असून हवेचे तापमान १५° से.खाली जात नसेल, तर ४·५ मी.पर्यंत गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील निदान १४ दिवस ठेवावे लागतात.

उल्लेखनीय दुर्घटना : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात बेलीज क्रॉसरोड्स येथे २ मार्च १९७३ रोजी टेकू वेळेपूर्वी काढल्याने तेविसाव्या मजल्याचा स्लॅब खांबांपाशी तुटला व पडझड तळापर्यंत पोहोचली, तीत १४ कामगार मरण पावले. महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्यातील शिळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी, वरचे मजले चढविले जात असतानाच, एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. खालच्या मजल्यांवर कामगार कुटुंबांसह राहत होते. पुण्यातील बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी उंच इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब घालताना तो ढासळला व त्यावरील ९ कामगार खाली पडून मृत्यू पावले. पडणे आणि कोसळणे यांचा संबंध या घटनेत स्पष्ट दिसतो.

कायदे : भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघातानंतरच्या भरपाईची तरतूद केली, अपघात टाळणे हा त्याचा प्रधान हेतू नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९३७ मध्ये बांधकामातील सुरक्षेविषयी संकेत संमत केला. १९७० च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांधकामातील सुरक्षेस स्थान मिळाले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने व १९९८ च्या केंद्रीय नियमांनी परांची, कठडे, सुरक्षापट्टे व टेकू यांविषयी मालकावर जबाबदारी टाकली. मात्र हा कायदा १० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे बांधकामही त्यातून वगळले होते. २०२० च्या व्यवसायविषयक सुरक्षा संहितेत घरबांधणीची ही मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली.

परिणामी लहान गावांतील बहुसंख्य घरांचे स्लॅब या तरतुदींच्या कक्षेबाहेर पडतात. अशा ठिकाणी टेकूंची तपासणी अभियंत्याऐवजी ठेकेदार वा मिस्त्री यांच्या अनुभवावर सोपविलेली असते. टेकूंखाली रुंद फळी, दोन्ही दिशांना बंध, कडेने कठडा, ओतकाम चालू असताना खाली कोणासही न थांबू देणे आणि ठरलेल्या मुदतीपूर्वी टेकू न काढणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. ते टाळल्याने होणारी हानी मुख्यतः रोजंदारीच्या मजुरास सोसावी लागते.