पालवणकर बंधूंचे बाल्य

क्रीडापटूंची चरित्रे वाचताना प्रथम त्यांच्या घराकडे पाहावे, अशी आम्हांस खोड आहे. ऑस्ट्रेलियाचे जुळे बंधू स्टीव्ह व मार्क वॉ यांचेच घ्या. २ जून १९६५ रोजी काही मिनिटांच्या अंतराने सिडनीत जन्मलेल्या या मुलांचे आईबाप दोघेही टेनिसमध्ये तरबेज. अशा घरातून दोन कसोटीवीर निघाले, तर त्यास आपण वारसा म्हणतो. परंतु ज्या घरी देण्यास असला वारसाच नव्हता, तेथून दोन सोडून चार क्रिकेटपटू निघाले, तर त्यास काय म्हणावे? बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे पालवणकर बंधू जुळे नव्हते. पण त्यांची कथा आम्हांस अधिक विचार करावयास लावते.

कोकणातील पालवण गावावरून आडनाव घेतलेले हे कुटुंब चर्मकार समाजातील. थोरला बाळू १८७६ साली धारवाडास जन्मला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने मुले पुण्याच्या छावणीत वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू हीच त्यांची क्रीडाशाळा! पुढे बाळू पारशी मंडळींच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडू लागला व अधूनमधून सभासदांस चेंडू टाकू लागला. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या क्लबात गेला, तेव्हा पगारात एका रुपयाची भर पडली. तेथे ग्रेग नावाचा निष्णात फलंदाज सरावासाठी त्यास मुद्दाम गाठी. बाद केल्यास दर वेळी आठ आणे, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, डावखुऱ्या संथ गोलंदाजीस धार या सरावानेच आली. फलंदाजीची संधी मात्र त्यास क्वचितच मिळे. ती साहेबांची मिरास!

मग पुण्याच्या हिंदूंस हा गोलंदाज हवासा वाटू लागला. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्यास तंबूबाहेर मातीच्या परळात चहा मिळे. चेंडूस विटाळ नाही आणि पेल्यास आहे, हे धर्मशास्त्र कोणत्या ग्रंथात सापडते, ते आम्हांस ठाऊक नाही.

थोरल्याने वाट पाडली व धाकटे त्या वाटेने आले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू व शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावरही दोघे बरोबर गेले. तेथे बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. विठ्ठलाने फलंदाजीत नाव काढले. त्याचे आत्मचरित्र 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली प्रसिद्ध झाले.

भावांची खरी कसोटी मैदानाबाहेर लागली. १९२० साली बाळूस वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे दिले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले. एका घरात वाढल्याची खूण आम्हांस येथे धावसंख्येपेक्षा स्पष्ट दिसते. पुढे बाळूस उपकर्णधार नेमून समेट झाला. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला. ज्याच्या तीन रुपयांच्या पगारावर हा सारा डोलारा उभा राहिला, त्या थोरल्या बंधूस मात्र ते पद रीतसर कधीच लाभले नाही.