कालवा कुणाच्या दारात आला?

मागचे काही भाग लढाया आणि तहनामे यांच्यातच गेले. आजचा भाग निवांत आहे, सायकलवरून फिरत ऐकण्यासारखा. फक्त शेवटाकडे तो तितका निवांत राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जागा कुठली? जर्मनीचा वायव्य कोपरा. एका बाजूला नेदरलँड्सची हद्द, वर उत्तर समुद्र, मधून वाहणारी एम्स नदी. या भागाला ओस्टफ्रीसलांड म्हणतात. मी तेव्हा कामानिमित्त ब्रेमेनला होतो. मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी मिळाली, म्हणून भाड्याची सायकल घेतली आणि ‘डॉइचे फेनरूटे’ नावाचा मार्ग धरला. साधारण १७० किलोमीटरचा गोल फेरा आहे. जिथून निघालात तिथेच परत येता.

चढ किती? जवळजवळ शून्य. चार दिवसांत मला लागलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे एका हायवेवरचा पूल! पण खूश होऊ नका, तिथे चढाचं काम वारा करतो. समोरून वारा आला की पाय तेवढेच भरून येतात. ताशी बारा-चौदा किलोमीटरच्या वर जायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. एका हाताला सरळ रेषेत जाणारा कालवा, त्यावर पांढरे लाकडी उचलपूल, काठाने लाल विटांची घरं. घरांची एक ओळ, की संपलं गाव. रुंदी एका घराची आणि लांबी कित्येक किलोमीटर.

असं गाव मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गाव म्हटलं की मधे चौक, देऊळ, पार, मग त्याभोवती घरं, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हे गाव तर कुणीतरी पट्टी ठेवून आखल्यासारखं. आणि खरंच ते आखलेलंच आहे.

इथे एक गोष्ट आधी समजून घेऊ. आपल्याकडे कालवा म्हणजे धरणातून शेताकडे पाणी आणणारा. या भागात कालवा खणला तो पाणी घालवायला. कारण ही सगळी जमीन दलदल होती, म्हणजे जर्मन भाषेत ‘मोअर’. त्या दलदलीत एक प्रकारचं शेवाळ वाढतं, मरतं, पाण्याखाली हवा नसल्यामुळे पूर्ण कुजत नाही आणि थरावर थर साचत जातात. या थरांना पीट म्हणतात. वेग किती, तर वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे तीन मीटर जाडीचा थर असेल तर तीन हजार वर्षं धरा. ओला असताना तो स्पंजसारखा, त्यावर ना गाडी जाते ना नांगर. पण कापून, वाळवून चुलीत घातला तर उत्तम जळण.

सतराव्या शतकात तीस वर्षांचं युद्ध पेटलं आणि एम्डेन शहराला होणारा पीटचा पुरवठा अडला. लाकूड फारसं नाही, कोळसा नाही, आणि थंडी तर दारात उभी. तेव्हा १६३३ मध्ये एम्डेनच्या चार नागरिकांनी दलदलीचा एक मोठा तुकडा घेतला आणि कालवा खणायला सुरुवात केली. तेच ग्रोसेफेन. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६३१ मध्ये, दक्षिणेला डीट्रिश फॉन वेलेन या सरदाराने पापेनबुर्गची सुरुवात केली होती. पद्धत डच लोकांकडून उचललेली.

आता ही पद्धत कशी चालते ते बघा, कारण सगळी गोम त्यातच आहे. नदीपासून दलदलीत एक मुख्य कालवा खणायचा. त्याला काटकोनात छोटे फाटे काढायचे, त्यांना म्हणतात ‘वीक’. प्रत्येक कुटुंबाला काठावरची एक लांबट पट्टी भाडेपट्ट्याने द्यायची. कुटुंब पीट कापणार, वाळवणार आणि दारातूनच होडीत भरणार. होडी शहरात जाऊन पीट विकणार. आणि येताना? येताना रिकामी यायची नाही! शहरातलं शेणखत, नदीकाठचा सुपीक गाळ, घरासाठी विटा भरून आणायच्या. पीट काढल्यावर खाली वाळू उघडी पडते. तिच्यात पीटचा वरचा निकामी थर, खत आणि गाळ मिसळला की काही वर्षांनी शेत तयार.

म्हणजे कालवा तीन कामं एकदम करत होता. पाणी बाहेर नेत होता, माल बाहेर नेत होता आणि सुपीकता आत आणत होता. मी दिवसभर सर्व्हर आणि नेटवर्क यांच्यात असतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं. लाइन दोन्ही दिशांनी चालू असेल तरच तिचा उपयोग.

हे सोपं होतं असं मात्र समजू नका. पहिली माणसं मातीच्या ढेकळांच्या झोपडीत राहिली आणि गुडघाभर पाण्यात फावडं मारत मेली. तिकडे म्हणच आहे, पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल, तिसऱ्याला भाकरी. पण तिसऱ्याला भाकरी मिळाली, हे महत्त्वाचं. पुढे याच गावांतले होडीवाले समुद्रावर गेले, कप्तान झाले. पापेनबुर्गमध्ये १७९५ साली सुरू झालेली मायर जहाजगोदी आजही प्रचंड क्रूझ जहाजं बांधते, आणि तेही समुद्रापासून इतकं आत!

तिसऱ्या दिवशी कालव्याकाठच्या एका चहाघरात बसलो होतो. इकडे चहा हा जवळजवळ धर्म आहे बरं का. कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा (त्यात बराचसा आसामचा), वरून साय, आणि ढवळायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी विचारलं, आता कुठे? मी म्हटलं, मोअरडॉर्फ. त्यांनी भुवया उंचावल्या. “तिथे काय आहे बघायला?”

मोअरडॉर्फ ग्रोसेफेनपासून वीसेक किलोमीटरवर. दलदल तीच, पाऊसही तोच. पण कालवा नाही.

झालं असं. १७४४ मध्ये हा प्रदेश प्रशियाच्या ताब्यात गेला आणि १७६५ मध्ये राजा फ्रेडरिक दुसरा याने फर्मान काढलं, की पडीक दलदल ही सरकारची मालमत्ता, आणि तिथे लोक वसवायचे. लोक वाढले की कर वाढतो, हा साधा हिशेब. १७६७ मध्ये मोअरडॉर्फ वसलं. जमिनीचे तुकडे लहान, आणि कालव्याचा खर्च कुणी केलाच नाही. मग या लोकांनी करायचं काय? पीट कापला तरी तो बाहेर नेणार कसा? खत आणणार कसं?

उरला एक मार्ग, दलदल जाळायची. वरचा थर खणून वाळवायचा, वसंतात पेटवायचा आणि गरम राखेत बकव्हीट पेरायचं. बकव्हीट म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणारं कुट्टू. पहिली काही वर्षं पीक येतं. पण सहा-सात वर्षांत जमिनीतलं सगळं संपतं, आणि मग ती तीसेक वर्षं पडीक ठेवावी लागते. तीस वर्षं! चार एकराचा तुकडा असलेल्या माणसाने तीस वर्षं खायचं काय? त्यात मेमध्ये रात्रीचं दव गोठलं की उभं पीक गेलंच.

तर मोअरडॉर्फची माणसं भीक मागू लागली, झाडू बांधून दारोदार विकू लागली. आणि आसपासच्या गावांनी ठरवून टाकलं, की ही माणसंच तशी. राजाने म्हणे तिथे कैदी आणि भटके आणून वसवले होते. प्रत्यक्षात बहुतेक वस्तीवाले आसपासच्याच गावांतले गरीब होते.

अफवा गावगप्पांपुरती राहिली असती तर एक वेळ ठीक. पण १९४० मध्ये होर्स्ट रेखेनबाख या एसएसच्या माणसाने मोअरडॉर्फवर पुस्तकच लिहिलं. निष्कर्ष काय, तर गरिबीचं कारण या लोकांचं रक्त. त्या राजवटीत असा शेरा कागदावरच राहत नव्हता. गावातल्या लोकांवर सक्तीने नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आणि त्याच राजवटीने १९३३ पासून थोडं दक्षिणेला, ब्योर्गरमोअर आणि एस्टरवेगन इथे छळछावण्या उभारून राजकीय कैद्यांना हातात फावडी देऊन दलदल खणायला लावली होती. नोबेल शांतता पुरस्कार मिळालेला पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्स्की त्यांतलाच एक.

मोअरडॉर्फमध्ये आज दलदलीचं एक संग्रहालय आहे. तिथे मातीच्या झोपड्या पुन्हा उभ्या केल्यात. मी एकीत वाकून शिरलो. एकच खोली, कोंदट, काळोखी. बाहेर आलो आणि आदल्या दिवशीची ती लाल विटांची घरं आठवली. दोन्हीकडच्या माणसांच्या हातात फावडंच होतं, मेहनतही कमी-जास्त नसेल. फरक एका कालव्याचा, आणि तो खणायचा की नाही हे त्या माणसांनी ठरवलं नव्हतं.

परत येताना वारा पाठीमागून होता, म्हणून विचार करायला सवड मिळाली. सायकलचा तो सुंदर मार्ग कालव्यांच्या काठाने आखलाय. साहजिक आहे, तिथेच पूल आहेत, पवनचक्क्या आहेत, चहाघरं आहेत. पण त्यामुळे तुम्ही चार दिवस फिरलात तरी ज्यांचं जमलं त्यांचीच गावं दिसतात. मोअरडॉर्फला मुद्दाम वळावं लागतं.

आणि ही गोष्ट अजून संपलेली नाही. वाळवलेल्या दलदलीतला पीट हवेच्या संपर्कात येऊन हळूहळू नाहीसा होतो, जमीन खचते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जर्मनीच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे ७ टक्के वाटा एकट्या या कोरड्या दलदलींचा आहे. म्हणून आता चर बुजवून पाणी परत साठवायचं चाललंय. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती जमीन कोरडी केली, त्याच शेतकऱ्यांना सांगितलं जातंय, की ती पुन्हा ओली करा. गरज खरी आहे, त्यात वाद नाही. पण या वेळी खर्च कोण उचलणार, आणि ज्यांना परवडणार नाही त्यांना आपण काय म्हणणार?

त्या आजोबांना मी तेव्हा नुसतं हसून उत्तर दिलं होतं. आज विचारलं तर सांगेन, आजोबा, बघायला तिथे कालवा नाही, तेच बघायला गेलो होतो.

चला, आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. तोवर सायकलच्या चाकांत हवा भरून ठेवा!