साल आणि पाला

झाड काढा म्हटलं की आपल्या हातून काय उतरतं? खाली एक तपकिरी दांडा आणि वर हिरवा ढग. फणसाची साल वेगळी, पिंपळाची वेगळी, हे रोज बघूनही कागदावर येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी एका बाईनं ही साल आणि हा पाला जवळून बघायला अर्धं जग पालथं घातलं. तिचं नाव मेरियन नॉर्थ.

जन्म १८३० सालचा, इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा. वडील पार्लमेंटात, घर श्रीमंत. अशा घरच्या मुलींना गाणं आणि फुलांची चित्रं शिकवत, पण ते सारं दिवाणखान्यापुरतं. १८५५ मध्ये आई गेली, मग हिनं वडिलांना सांभाळलं. १८६९ मध्ये तेही गेले. चाळिशीच्या उंबरठ्यावरची ही अविवाहित बाई रंगांच्या नळ्या घेऊन बाहेर पडली. पैसा होता, ओळखीची पत्रं होती, साहेबाचं राज्य होतं, हे खरंच. पण चिखल, जळवा आणि ताप काही ओळखपत्र विचारत नाहीत.

त्या वेळी वनस्पतींची चित्रं काढायची रीत ठरलेली होती. पांढऱ्या कागदावर एक डहाळी, एक फूल, शेजारी चिरलेलं फळ, सगळं जलरंगात. शास्त्राला ते पुरत असे. पण झाड कसं उभं असतं, ते त्यात दिसत नसे. उष्ण प्रदेशातल्या रानात फुलं तर पार वर, माथ्यावर. खाली उभ्या माणसाला दिसते ती साल, तिच्यावरचं शेवाळ, बुंध्याला विळखा घातलेली वेल. मेरियननं नेमकं तेच घेतलं, आणि तेही तैलरंगात. मागचा डोंगर, अंगावर पडलेलं ऊन, पानापानातला हिरव्याचा फरक यांसकट झाड आपल्या जागेवर उभं राहिलं.

१८७२-७३ मध्ये ब्राझील, १८७६ मध्ये बोर्निओतलं सारावाक आणि जावा, मग सिलोन. १८७७ च्या अखेरीस ती आपल्याकडे आली आणि सव्वा वर्षाच्या मुक्कामात तिनं दोनशेच्या वर चित्रं केली. पुढे सेशेल्स बेटांवर तिनं रंगवलेलं एक झाड शास्त्रज्ञांना नवीन निघालं. आपल्या चिकूच्या कुळातलं हे झाड. त्याच्या प्रजातीला तिचंच नाव मिळालं, नॉर्थिया.

१८७९ मध्ये तिनं लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे प्रमुख जोसेफ हूकर यांना लिहिलं, की चित्रं देते आणि ती ठेवायला इमारतही माझ्या खर्चानं बांधून देते. आराखडा केला जेम्स फर्ग्युसन यांनी, म्हणजे आपल्या लेण्यांवर ग्रंथ लिहिणारे तेच. दालन १८८२ मध्ये उघडलं. आज तिथं आठशेच्या वर चित्रं भिंतभर खेटून लावलेली आहेत, प्रदेशाप्रमाणे, तिनं ठरवलेल्या क्रमानं. खालच्या पट्ट्यात २४६ जातींच्या लाकडांच्या फळ्या. येणाऱ्याला चहा-कॉफी मिळावी अशीही तिची इच्छा होती. हूकरसाहेबांनी नकार दिला. बाईनं वाद घातला नाही, दारावर चहा आणि कॉफीची झाडं रंगवून टाकली! पाहुणचार काही चुकू दिला नाही.

दालनाच्या पुस्तिकेत हूकर यांनीच लिहून ठेवलंय, की यातली कित्येक दृश्यं कुऱ्हाडीनं, वणव्यानं आणि नांगरानं नाहीशी होत चालली आहेत. म्हणजे बायकांचा दिवाणखान्यातला छंद म्हणून जे सुरू झालं, ते गेलेल्या रानाचं दप्तर होऊन बसलं.

मेरियन १८९० मध्ये वारली. मैत्रिणींनो, आपल्या परसातला आंबा, दारचं कडुलिंब यांचं असं दप्तर कोण ठेवणार? नात चित्राची वही घेऊन बसली की तिला एवढंच म्हणा, आधी झाडाला हात लावून ये, मग रंग काढ.