खरे बोलल्याची शिक्षा

अमेरिकेतला हा दावा मला नेहमी आठवतो. विधिमंडळाच्या समितीपुढे खोटी साक्ष दिली नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली, अशी एका माणसाची तक्रार होती. आणि मालक कोण? तर कामगार संघटना! १९५९ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने अशी बडतर्फी लोकहिताविरुद्ध ठरवली.

संघराज्याचा नागरी हक्क कायदा त्यानंतरचा, १९६४चा. भेदभावाची तक्रार करणाऱ्यावर सूड उगवायला त्याने बंदी घातली. पण आज तो किमान १५ नोकर असलेल्या मालकालाच लागू होतो. कॅलिफोर्नियाच्या तशाच कायद्याला ५ पुरतात. म्हणजे तिथल्या दहा नोकरांच्या दुकानात भेदभावाविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला आधार वॉशिंग्टनच्या कायद्याचा नाही, राज्याच्या कायद्याचा. राज्य बदलले, की तोही बदलतो.