शिक्षकांचा शेरा

आमच्या वेळी प्रगतिपुस्तकात शेवटी एक रकाना असे, 'शिक्षकांचा शेरा'. तीसएक वर्षं मी तो भरला. "अबोल आहे", "धिटाई हवी", "लक्ष नसते". एका संध्याकाळी पन्नास-साठ पुस्तकं उरकायची, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर. परवा नूर इनायत खानविषयी वाचताना तो रकाना पुन्हा डोळ्यांसमोर आला, म्हणून आज हे लिहायला बसले.

नूरच्या वडिलांचं घर बडोद्याचं. तिचे पणजोबा मौलाबक्ष सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होते. बडोद्याची गायनशाळा त्यांनीच सुरू केली. वडील इनायत खान सूफी आणि संगीतकार, आई अमेरिकन. नूर १९१४ साली मॉस्कोत जन्मली आणि पॅरिसजवळ वाढली. हार्प वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथांचं पुस्तक १९३९ साली निघालं. हिंसा नको, खोटं नको, हे घरचे संस्कार.

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स घेतला तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला आलं. नूर हवाई दलाच्या महिला शाखेत बिनतारी संदेशाचं काम शिकली. फ्रेंच उत्तम, म्हणून गुप्त कारवायांच्या खात्याने तिला उचललं. प्रशिक्षणात मात्र तिच्यावर शेरे काय पडले पाहा! बुद्धी बेताची, स्वभाव हळवा, या कामाला योग्य वाटत नाही. लुटुपुटीच्या उलटतपासणीत तर घाबरून तिचा आवाजच फुटेना.

तरीही १९४३च्या जून महिन्यात एका रात्री छोट्या विमानाने तिला फ्रान्सच्या एका शेतात उतरवलं. व्यापलेल्या फ्रान्समध्ये इंग्लंडहून पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी चालक. काही दिवसांतच पॅरिसमधले तिचे सहकारी पटापट पकडले गेले. लंडनने परत बोलावलं, पण ती नाही म्हणाली. संदेश पाठवणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं ना! सुटकेसएवढं यंत्र घेऊन ती घरं बदलत राहिली. संदेश लांबला की जर्मनांच्या शोधगाड्या माग काढत यायच्या. अशा चालकाचं आयुष्य तेव्हा सहा आठवड्यांचं धरत. ही जवळजवळ चार महिने टिकली. ऑक्टोबरमध्ये फितुरीने पकडली गेली.

तिची एक चूक झाली, तीही सांगायला हवी. पाठवलेले संदेश तिने वहीत उतरवून ठेवले होते. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्या नावाने ते लंडनला खोटे संदेश पाठवू लागले. लंडनवाल्यांना वेळीच शंका यायला हवी होती, ती आली नाही. त्या खोट्या संदेशांमुळे १९४४च्या फेब्रुवारीत मादलेन दामेरमां ही तरुणी थेट शत्रूच्या स्वागताला उतरली.

नूरच्या तोंडून मात्र आपल्याला काही मिळालं नाही, असं तिथल्या जर्मन प्रमुखानेच युद्धानंतर सांगितलं. दोघा कैद्यांबरोबर ती छपरावरून पळाली, पण पुन्हा सापडली. "पुन्हा पळणार नाही असं लिहून द्या," म्हणाले. तिने दिलं नाही. खोटंच लिहून द्यायचं होतं की! पण तिला ते जमलं नाही. मग जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात दहा महिने साखळदंडात ठेवलं. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ छळछावणीत चार स्त्रियांना गोळ्या घातल्या. त्यांत नूर होती, आणि तीच मादलेन दामेरमांही. १९४९ साली इंग्लंडने नूरला जॉर्ज क्रॉस दिला.

तिच्या खात्याने फ्रान्समध्ये ३९ स्त्रिया पाठवल्या, त्यांपैकी १३ परतल्या नाहीत. नूरवर शेरे लिहिणारे अगदीच चुकले असंही नाही. ती हळवी होती, विसराळू होती, खोटं बोलायला कचरायची. पण हे सगळं असूनही ती काय करील, ते कागदावर आलंच नव्हतं.

एका मुलीच्या पुस्तकात मी "भित्री आहे" असं लिहिलं होतं. सही करून पुस्तक परत आणताना तिची आई एवढंच म्हणाली, "बाई, हिचे वडील अंथरुणाला खिळलेत. रात्रीबेरात्री डॉक्टरांना बोलवायला अंधारातून हीच जाते हो." मी पुस्तक हातात घेतलं. शेरा शाईने लिहिलेला होता.